कुटुंब नियोजन व प्रजनन आरोग्य सेवांवरील सार्वजनिक खर्च : स्वरूप, निकष आणि परिणाम

सारांश

कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम शासकीय पातळीवर राबविणारा भारत हा जगातील अगदी पहिल्या देशांपैकी एक होय. १९५२ पासून या कार्यक्रमावर सार्वजनिक निधी खर्च होत आला आहे. या विषयाची चर्चा करताना ‘तरतूद किती?’ हा प्रश्न बहुधा प्रथम विचारला जातो. प्रस्तुत लेखात ‘पैसा नेमका कशासाठी दिला जातो?’ या प्रश्नाला अग्रस्थान दिले आहे. निधी कोणत्या कृतीशी जोडला जातो यावर सेवेचे स्वरूप ठरते आणि त्याचा भार कोणाच्या शरीरावर पडणार हेही ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे. जननदर प्रतिस्थापन पातळीखाली गेल्यानंतर या खर्चाचे समर्थन कोणत्या आधारावर करावयाचे, याचाही विचार लेखाच्या उत्तरार्धात केला आहे.

बीजशब्द : कुटुंबकल्याण, प्रजनन आरोग्य, बुडीत मजुरी, उद्दिष्टमुक्त धोरण, केंद्र पुरस्कृत योजना.

प्रस्तावना

प्रा. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, तेव्हा या कामास शासनाचे, नगरपालिकेचे वा विद्यापीठाचे एका पैशाचेही साहाय्य नव्हते. गणिताचे अध्यापक असलेल्या कर्वे यांना या कार्यापायी प्राध्यापकपदावर पाणी सोडावे लागले. १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी मुख्यतः पदराला खार लावून चालविले. संतती केव्हा व किती व्हावी हे ठरविण्याचा अधिकार स्त्रीला असावा, ही त्यांच्या विचाराची बैठक होती. देशाची लोकसंख्या हा त्यांच्या दृष्टीने त्यानंतरचा प्रश्न होता.

१९३० मध्ये म्हैसूर संस्थानाने शासकीय संततिनियमन केंद्रे उघडली. १९४९ मध्ये मुंबईत भारतीय कुटुंब नियोजन संघटनेची स्थापना झाली. पुढे पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंब नियोजनासाठी ६५ लाख रुपयांची तरतूद करण्यात आली आणि एका व्यक्तीने स्वखर्चाने आरंभिलेले काम राज्यसंस्थेच्या अंदाजपत्रकात दाखल झाले. मात्र या स्थित्यंतरात कामाचा हेतूही बदलला. स्त्रीच्या अधिकाराची जागा हळूहळू लोकसंख्येच्या आकड्याने घेतली. निधीचा इतिहास हा एका अर्थाने या बदलाचा इतिहास आहे.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) कुटुंब नियोजन व प्रजनन आरोग्यावरील सार्वजनिक निधीची रचना स्पष्ट करणे.
२) निधीच्या निकषांचा सेवेच्या स्वरूपावर झालेला परिणाम तपासणे.
३) बदललेल्या लोकसंख्याशास्त्रीय परिस्थितीत या खर्चाच्या आधाराचा पुनर्विचार करणे.

निधीची रचना

सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय आहे. ‘लोकसंख्या नियंत्रण व कुटुंब नियोजन’ हा विषय मात्र १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत आला. त्याआधीपासूनच हा कार्यक्रम केंद्र पुरस्कृत होता. अन्य आरोग्यसेवांचा भार राज्यांनी उचलावा आणि कुटुंबकल्याणाचा खर्च केंद्राने द्यावा, अशी विभागणी दीर्घकाळ चालली. तिचा एक परिणाम दूरगामी ठरला. पैसा ज्याचा, प्राधान्यक्रमही त्याचाच, या न्यायाने गावपातळीवरील आरोग्यसेविकेच्या कामाचे माप दिल्लीत ठरू लागले.

१२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. २०१३ मध्ये त्यात शहरी आरोग्याचा समावेश होऊन राष्ट्रीय आरोग्य अभियान अस्तित्वात आले. २०१५-१६ पासून या अभियानातील केंद्र व राज्य यांचा वाटा सर्वसाधारण राज्यांसाठी ६० : ४० आणि ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांसाठी ९० : १० असा ठरला. राज्याने कार्यक्रम अंमलबजावणी आराखडा सादर करावयाचा, केंद्राने तो मंजूर करावयाचा आणि त्यानुसार निधी वितरित व्हावयाचा, अशी ही पद्धत आहे.

व्यवहारात हा निधी चार वाटांनी सेवेपर्यंत पोहोचतो. पहिली वाट उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र व रुग्णालय यांच्या वेतन आणि देखभाल खर्चाची आहे. दुसरी वाट वस्तुरूप पुरवठ्याची असून निरोध, गोळ्या, तांबी, इंजेक्शने यांची खरेदी केंद्रीय पातळीवर होऊन ती राज्यांना पाठविली जातात. लाभार्थी, शस्त्रक्रिया करणारा चमू व प्रवर्तक यांना प्रत्येक प्रकरणामागे दिला जाणारा मोबदला ही तिसरी वाट होय. चौथी वाट प्रशिक्षण, प्रचार आणि गुणवत्ता-नियंत्रण यांची आहे. पहिल्या व चौथ्या वाटेने गेलेल्या पैशाचे फळ सावकाश दिसते व ते मोजणे कठीण असते. तिसऱ्या वाटेने गेलेल्या पैशाचा हिशेब मात्र मार्चअखेर आकड्यांत मांडता येतो. प्रशासनाचा कल तिसऱ्या वाटेकडे का राहिला, याचे स्पष्टीकरण बऱ्याच अंशी येथे मिळते.

उद्दिष्टांचा कालखंड

१९६६ मध्ये केंद्रात कुटुंब नियोजनाचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला आणि कार्यक्रमास गती आली. १९६८ मध्ये ‘निरोध’ १५ पैशांना तीन या सवलतीच्या दराने किराणा दुकानांपर्यंत पोहोचविण्यात आला. सामाजिक विपणनाचा हा जगातील आरंभीचा मोठा प्रयोग मानला जातो. मुंबईत डॉ. दत्ता पै यांच्या पुढाकाराने रेल्वे स्थानकांवर नसबंदी केंद्रे उघडली गेली. जुलै १९७१ मध्ये केरळातील एर्नाकुलम येथील शिबिरात महिनाभरात ६३ हजारांहून अधिक पुरुषांच्या शस्त्रक्रिया झाल्या. या काळात नसबंदी करून घेणाऱ्यांत पुरुषांचे प्रमाण मोठे होते, ही बाब आज आवर्जून लक्षात घेण्याजोगी आहे.

१९७६ चे राष्ट्रीय लोकसंख्या धोरण हा निधी आणि सक्ती यांच्या संयोगाचा सर्वांत ठळक नमुना होय. राज्य योजनांना मिळणाऱ्या केंद्रीय साहाय्यापैकी ८ टक्के रक्कम कुटुंब नियोजनातील कामगिरीशी जोडण्यात आली. दोन वा त्याहून कमी अपत्ये असताना नसबंदी केल्यास १५० रुपये, तीन अपत्यांनंतर १०० रुपये आणि चार वा अधिक अपत्यांनंतर ७० रुपये असा मोबदला ठरला. राज्याला मिळणारा पैसा अशा रीतीने शस्त्रक्रियांच्या संख्येवर अवलंबून राहिल्यावर जिल्हाधिकारी, शिक्षक, तलाठी अशा सर्वांच्या अंगावर उद्दिष्टे येऊन पडली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या व त्यांतील बहुतांश पुरुषांच्या होत्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून ते कायद्यात रूपांतरित झाले नाही.

१९७७ च्या निवडणुकीनंतर कार्यक्रमाचे नाव ‘कुटुंबकल्याण’ झाले. पुरुष नसबंदी राजकीयदृष्ट्या अस्पर्श ठरली. त्याच सुमारास दुर्बिणीद्वारे करावयाच्या स्त्रीशस्त्रक्रियेचे तंत्र उपलब्ध झाले. स्त्री प्रसूतीच्या निमित्ताने आरोग्ययंत्रणेच्या संपर्कात येतेच. पुरुष तसा येत नाही. उद्दिष्टे कायम राहिली, लक्ष्य मात्र पुरुषाकडून स्त्रीकडे सरकले. सक्तीला झालेल्या विरोधाची किंमत अशा रीतीने सक्तीत सहभागी नसलेल्या स्त्रियांनी पुढील कित्येक दशके मोजली.

उद्दिष्टमुक्तीचे धोरण

१९९४ च्या कैरो परिषदेत लोकसंख्येच्या प्रश्नाची मांडणी प्रजनन आरोग्य व हक्क यांच्या परिभाषेत झाली. त्यास अनुसरून भारताने एप्रिल १९९६ पासून गर्भनिरोधक साधननिहाय उद्दिष्टे देशभर रद्द केली. १९९७ मध्ये प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रम आणि २००० मध्ये नवे राष्ट्रीय लोकसंख्या धोरण आले. स्वेच्छा आणि माहितीपूर्ण संमती ही तत्त्वे त्यात स्पष्टपणे नमूद आहेत.

धोरणाची भाषा बदलली तरी अनुदानाचे निकष त्या वेगाने बदलले नाहीत. राज्यांच्या आराखड्यात ‘अपेक्षित पातळी’ या नावाने शस्त्रक्रियांचे अंदाज येतच राहिले, कारण मोबदल्याची तरतूद करण्यासाठी संख्या आधी गृहीत धरावीच लागते. गृहीत धरलेली संख्या खालच्या स्तरावर पोहोचेपर्यंत तिचे पुन्हा उद्दिष्ट होते. धोरणातून काढलेले उद्दिष्ट अशा प्रकारे अंदाजपत्रकातून परत आले.

‘बुडीत मजुरी’चा प्रश्न

शस्त्रक्रियेनंतर विश्रांतीच्या काळात बुडणाऱ्या मजुरीची भरपाई या नावाने लाभार्थ्यास रक्कम दिली जाते. तत्त्वतः हे योग्यच आहे. हातावर पोट असलेल्या कुटुंबास उपचारासाठी गमवावे लागणारे दिवस परवडत नाहीत. प्रश्न निर्माण होतो तो भरपाईच्या विषमतेतून. २००७ मध्ये सुधारलेल्या दरांनुसार शासकीय संस्थेत पुरुष नसबंदीसाठी लाभार्थ्यास १,१०० रुपये ठरले. महाराष्ट्रासारख्या राज्यांत स्त्रीशस्त्रक्रियेसाठी दारिद्र्यरेषेखालील व अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रीस ६०० रुपये आणि इतरांस २५० रुपये ठरले. २०१४ मध्ये अधिक जननदराच्या राज्यांत ही रक्कम पुरुषांसाठी २,००० व स्त्रियांसाठी १,४०० रुपये करण्यात आली.

पुरुषास अधिक रक्कम देऊनही चित्र पालटले नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी नसबंदीचा मार्ग अवलंबिला होता, तर पुरुष नसबंदीचे प्रमाण अवघे ०.३ टक्के होते. महाराष्ट्रात स्त्री-नसबंदीचे प्रमाण ४९.१ टक्के होते. देशात शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या निम्म्या स्त्रियांनी ती वयाची २६ वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच करून घेतली होती. बिनटाक्याची पुरुष नसबंदी ही तुलनेने सोपी व कमी धोक्याची असूनही ही स्थिती आहे. केवळ मोबदला वाढविल्याने पुरुषाच्या मनातील भीती व प्रतिष्ठेच्या कल्पना दूर होत नाहीत, हे यावरून स्पष्ट होते. त्यासाठी समुपदेशन, पुरुष आरोग्यसेवक व प्रशिक्षित शल्यविशारद लागतात. म्हणजेच ज्या दोन वाटांचे फळ सावकाश दिसते, तेथील खर्च वाढवावा लागतो.

हा मुद्दा एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. आदिवासी तालुक्यातील एका बावीस वर्षांच्या शेतमजूर स्त्रीस दोन अपत्ये आहेत आणि तिला काही वर्षे मूल नको आहे. कायमचा निर्णय घेण्याची तिची तयारी नाही. तिने शस्त्रक्रिया करून घेतल्यास तिला मोबदला मिळतो, तिला घेऊन येणाऱ्या आशा स्वयंसेविकेस प्रवर्तक म्हणून रक्कम मिळते आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या चमूसही मिळते. तिने २०१७ मध्ये शासकीय सेवेत दाखल झालेले ‘अंतरा’ इंजेक्शन निवडल्यास दर तीन महिन्यांनी तिला केंद्रावर यावे लागते. तेवढ्या प्रत्येक दिवसाची मजुरी बुडते, आणि एखाद्या खेपेस साठा संपलेला असेल तर पूर्वीच्या सर्व खेपा वाया जातात. कागदोपत्री तिच्यापुढे अनेक पर्याय आहेत. तिच्या भोवतालची व्यवस्था मात्र एकाच पर्यायाच्या बाजूने उभी आहे. प्रसूतीनंतर लगेच बसवावयाच्या तांबीसाठी पुढे लाभार्थ्यास ३०० रुपये देण्याची तरतूद झाली, हे योग्य दिशेने पडलेले पाऊल होय. तथापि तेथेही प्रसूतीच्या क्षणी घेतलेली संमती कितपत विचारपूर्वक असते, हा प्रश्न उरतोच.

गुणवत्ता आणि न्यायालयीन हस्तक्षेप

संख्येवर आधारलेल्या निधीची सर्वांत मोठी उणीव गुणवत्तेच्या क्षेत्रात दिसून आली. रमाकांत राय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००५ मध्ये दिलेल्या आदेशानंतर त्याच वर्षी कुटुंब नियोजन विमा योजना सुरू झाली. २०१३ मध्ये तिचे रूपांतर क्षतिपूर्ती योजनेत झाले. त्या वेळच्या तरतुदीनुसार शस्त्रक्रियेनंतर सात दिवसांत मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये, आठ ते तीस दिवसांत झाल्यास ५० हजार रुपये आणि शस्त्रक्रिया अयशस्वी ठरल्यास ३० हजार रुपये असे दर होते.

भरपाईची व्यवस्था झाली तरी अपघात टळले नाहीत. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात एकाच शल्यविशारदाने काही तासांत ८३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया केल्या. त्या दिवसांतील शिबिरांनंतर १३ स्त्रियांना प्राण गमवावे लागले. नियमांनी ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा ही संख्या कितीतरी अधिक होती. देविका बिस्वास विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात १४ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांत नसबंदी शिबिरे बंद करण्याचा आणि अनौपचारिक उद्दिष्टेही न ठेवण्याचा आदेश दिला. प्रजनन आरोग्य हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या अधिकाराचा भाग आहे, हे न्यायालयाने अधोरेखित केले. शिबिरांऐवजी रुग्णालयांत नियमित सेवा द्यावयाची म्हणजे शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ व परिचारिका वर्षभर उपलब्ध असणे आले. हा खर्च प्रकरणागणिक मोबदल्याच्या स्वरूपात देता येत नाही.

मातृत्व सेवा : यश आणि अटी

सार्वजनिक निधीचे फलित निराशाजनकच आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. २००५ ची जननी सुरक्षा योजना आणि २०११ चा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम यांच्या काळात संस्थात्मक प्रसूतीचे प्रमाण २००५-०६ मधील ३८.७ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्क्यांवर पोहोचले. एक लाख जिवंत जन्मांमागील मातामृत्यूचे प्रमाण २००४-०६ मधील २५४ वरून २०१८-२० मध्ये ९७ पर्यंत घटले. रस्ते, शिक्षण, रुग्णवाहिका यांचाही या यशात वाटा आहे. परंतु निधीचा ओघ नसता तर हे घडते ना, हेही तितकेच खरे.

तरीही अटींचा प्रश्न येथेही उद्भवला. ज्या राज्यांत संस्थात्मक प्रसूतीचे प्रमाण आधीच बरे होते, त्या महाराष्ट्रासारख्या राज्यांत जननी सुरक्षा योजनेचा लाभ वयाची १९ वर्षे पूर्ण केलेल्या स्त्रीस व दोन जिवंत अपत्यांपर्यंतच मिळत असे. लहान वयात विवाह झालेली मुलगी आणि तिसऱ्यांदा गर्भवती झालेली गरीब स्त्री यांना प्रसूतीतील धोका अधिक असतो. नेमक्या त्याच या अटीमुळे वगळल्या जात होत्या. मे २०१३ मध्ये या अटी काढून टाकण्यात आल्या. लोकसंख्या नियंत्रणाचा हेतू आणि मातेचे प्राण वाचविण्याचा हेतू एकाच निधीत मिसळले की काय होते, याचा हा बोध घेण्याजोगा दाखला आहे.

सेवा ‘मोफत’ असल्याच्या कल्पनेचीही तपासणी आवश्यक आहे. पाचव्या सर्वेक्षणानुसार शासकीय संस्थेतील प्रसूतीसाठीही कुटुंबास सरासरी २,९१६ रुपये पदरचे खर्च करावे लागले. गर्भपाताच्या सेवेबाबत परिस्थिती अधिक बिकट आहे. १९७१ च्या कायद्याने व २०२१ च्या दुरुस्तीने अधिकार दिला, परंतु प्रशिक्षित वैद्यकीय अधिकारी नसलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तो अधिकार प्रत्यक्षात येत नाही. ज्या कायद्यामागे मनुष्यबळाची तरतूद नाही, त्याचा लाभ पैसे मोजू शकणाऱ्यांनाच मिळतो.

जननदर घटल्यानंतर

२०१९-२१ च्या सर्वेक्षणात देशाचा एकूण जननदर २.० आणि महाराष्ट्राचा १.७ इतका नोंदविला गेला. प्रतिस्थापनाची पातळी २.१ मानली जाते. मग या कार्यक्रमावर सार्वजनिक पैसा का खर्च करावा, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी करवाटपाच्या सूत्रात लोकसंख्याविषयक कामगिरीस १२.५ टक्के भारांक देऊन जननदर घटविणाऱ्या राज्यांना दिलासा दिला. दुसरीकडे आंध्र प्रदेशाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्थानिक निवडणुकांसाठीची दोन अपत्यांची अट रद्द केली. तेथे अधिक अपत्ये असावीत असा सूर शासनकर्त्यांनीच लावला.

या घडामोडींतून एक गंभीर शक्यता समोर येते. लोकसंख्या कमी करणे हाच या खर्चाचा आधार असेल, तर लोकसंख्या वाढविण्याचे धोरण येताच तो आधार कोसळेल, आणि तांबी, गोळ्या व सुरक्षित गर्भपात यांचा निधी प्रथम कापला जाईल. त्याच सर्वेक्षणात ९.४ टक्के विवाहित स्त्रियांची गर्भनिरोधनाची गरज भागलेली नव्हती. आधुनिक साधने वापरणाऱ्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश स्त्रियांना ती सार्वजनिक यंत्रणेतूनच मिळत होती. जननदर हा सरासरीचा आकडा आहे. गरज ही एकेका स्त्रीची असते, आणि सरासरी खाली आल्याने ती संपत नाही.

निष्कर्ष

१) कुटुंब नियोजनाच्या निधीचे स्वरूप प्रदीर्घ काळ प्रकरणागणिक मोबदल्याचे राहिल्याने कायमस्वरूपी पद्धतींना, आणि त्यातही स्त्रीशस्त्रक्रियेला, झुकते माप मिळाले.
२) धोरणातून उद्दिष्टे रद्द करणे पुरेसे नाही. अनुदानाचे निकष बदलल्याखेरीज उद्दिष्टे अन्य नावाने परततात.
३) मोबदला पुरुषांचा सहभाग विकत घेऊ शकत नाही. त्यासाठी समुपदेशन व मनुष्यबळ यांवर सातत्याने खर्च हवा.
४) अपत्यसंख्येच्या अटी सर्वाधिक गरजू स्त्रीलाच सेवेबाहेर ठेवतात.
५) बुडीत मजुरीची भरपाई पद्धतनिरपेक्ष असावी. प्रजनन आरोग्याच्या कोणत्याही सेवेसाठी, अगदी वंध्यत्वाच्या तपासणीसाठीही, गरीब स्त्रीस केंद्रावर यावे लागल्यास तिच्या दिवसाची किंमत सारखीच धरली जावी.
६) कामगिरीचे मोजमाप शस्त्रक्रियांच्या संख्येऐवजी साठ्याची उपलब्धता, दुष्परिणामांची दिलेली माहिती आणि पाठपुरावा यांवर व्हावे. दुष्परिणामांची माहिती मिळालेल्या वापरकर्त्यांचे प्रमाण २०१९-२१ मध्ये ६२.४ टक्के होते, म्हणजे तीनपैकी एकीहून अधिक स्त्रिया त्या माहितीपासून वंचित होत्या.

समारोप

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यखर्च २०२५ पर्यंत स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्क्यांपर्यंत नेण्याचे आणि त्याचा दोनतृतीयांश वा अधिक भाग प्राथमिक सेवांवर खर्च करण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. तरतूद वाढणे अगत्याचेच आहे. परंतु वाढीव निधी जुन्याच निकषांच्या पाटातून वाहणार असेल, तर तो जुन्याच शेताला पोहोचेल. शंभर वर्षांपूर्वी प्रा. कर्वे यांनी स्वतःच्या मिळकतीतून ज्या स्त्रीसाठी केंद्र उघडले, तिला मूल हवे की नको, हवे तर केव्हा, हा निर्णय तिचा तिने घ्यावयाचा होता. सार्वजनिक निधीचे प्रयोजनही तिचा निर्णय शक्य करणे हेच असावयास हवे. त्या निर्णयाची दिशा ठरविणे हे निधीचे काम नव्हे. महाविद्यालयांतून अर्थशास्त्र, समाजशास्त्र व लोकप्रशासन शिकविताना अंदाजपत्रकातील या शीर्षांकडे केवळ रकमा म्हणून न पाहता त्यांमागील माणसांसह पाहण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे, हे अध्यापक म्हणून आपल्या हाती निश्चितच आहे.